गाण्याची नक्कल आणि नक्षीची नक्कल

व्यापाराच्या पानावर गवयाचा विषय कशाला, असे काही बांधव विचारतील. पण ज्या धंद्यात दुसऱ्याच्या मालाची नक्कल कायद्याने करता येते आणि मूळ हक्कदाराला त्याचे पैसेही पोहोचतात, तो धंदा जळगाव-धुळ्याच्या कापडवाल्यांनी जरूर पाहावा.

1992 साली टी-सीरीज कंपनीने 'रफी की यादें' नावाने गाणी बाजारात आणली. आवाज सोनू निगमचा, वय जेमतेम एकोणीस. मूळ गायक मुहम्मद रफी साहेबांचा इंतकाल 31 जुलै 1980 रोजी झालेला. जुन्या हिंदी गाण्यांची बहुतेक मूळ मुद्रणे एच.एम.व्ही.कडे होती. टी-सीरीजच्या गुलशन कुमार यांनी अशी जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि कॅसेट स्वस्तात दिली. ही चोरी नव्हती. मालकाला नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि नवे मुद्रण करा, ही सोय 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच होती. दर्दी लोकांनी नाके मुरडली, गिऱ्हाइकाने माल उचलला.

त्या मुलाने काही वावगे केले असे मला वाटत नाही. आमच्याकडेही शागीर्द उस्तादाच्या हाताची नक्कल करतच माग धरतो. सोनू पुढे स्वतःच्या गाण्यांवर उभा राहिला. खरा प्रश्न लेबलवर नाव कोणाचे, आणि पैसे कोणाला, एवढाच आहे.

नावाबाबत कायदा 2012 मध्ये कडक झाला. मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते. वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र टाकता येत नाही, आणि ही नक्कल आहे असे स्पष्ट छापावे लागते. म्हणजे या परवान्यावर आज कोणी तशी कॅसेट काढली, तर 'रफी' हे नावच वेष्टनावर चालणार नाही.

पैशाचा मामला जास्त नाजूक आहे. ही रॉयल्टी शब्द आणि चालीच्या हक्कदाराला जाते, आणि तो अनेकदा कंपनीच असतो. गायकाला त्यातले काही नाही. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकालाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. रफी साहेबांचे म्हणणे पडले की मेहनताना घेतला, हिशेब संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफी साहेबांचा दिलदारपणा मान्य, पण व्यापारी म्हणून मला लताबाईंचा हिशेब बरोबर वाटतो. मजुरी एकदाच मिळते, माल मात्र वर्षानुवर्षे विकला जातो. गायक-वादकांचा रॉयल्टीतला हक्क कायद्यात लिहिला गेला तो 2012 मध्येच.

आता आपल्या ओट्यावर या. साडीच्या काठाची नक्षी ग्राफवर उतरवणाऱ्या कारागिराला एकदा पैसे मिळतात. माल बाजारात चालला की आठ दिवसांत तीच नक्षी दुसऱ्या यंत्रमागावर चढते. ना नोटीस, ना रॉयल्टी. त्याहून वाईट म्हणजे यंत्रमागावरच्या नकली रेशमाला 'असली पैठणी' म्हणून विकणे. हातमागाच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. स्वस्त साडीची मुलीच्या लग्नात गरज असते, ती जरूर विकावी, मीही विकतो. पण लेबलवर 'यंत्रमाग' छापायला शाई किती लागते? गाण्याच्या कंपन्यांना हे सक्तीने करावे लागते, आपण राजीखुशीने का करू नये?

आणि ज्यांची नक्षी स्वतःची आहे त्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी, कारण इथे आपले लोक हमखास फसतात. नोंदणी होऊ शकणारी नक्षी नोंदवली नाही, तर ती 50 पेक्षा जास्त नगांवर उतरताच कॉपीराइट कायद्याचा हक्क संपतो. पन्नास साड्या म्हणजे एका गाठोड्याचा माल! 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. अट एकच, माल बाजारात दाखवण्यापूर्वी अर्ज गेला पाहिजे. नोंदणीचे काम कोलकात्याहून चालते, पण अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातही देता येतो.