घरे किती पाहावीत, आणि कोणी?

घर विकत घेण्यापूर्वी किती घरे पाहावीत, हा प्रश्न वरवर पाहता खासगी आणि कौटुंबिक वाटतो. पक्षाच्या साप्ताहिकात त्याची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील कामगाराच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार घराचाच असतो. पुढील पंधरा-वीस वर्षांचे वेतन त्यात आगाऊ गहाण पडते. एवढा व्यवहार तो कोणत्या माहितीच्या बळावर करतो, हा प्रश्न आर्थिक आहे आणि म्हणूनच राजकीयही आहे.

गणितज्ञांनी १९६०च्या सुमारास अशा निवडीला एक उत्तर शोधले, आणि ते पुढे फार प्रसिद्ध झाले. समजा, वीस घरे एकामागून एक पाहावयाची आहेत, एकदा सोडलेले घर पुन्हा मिळणार नाही आणि वीसांतले सर्वोत्तम तेच हवे आहे. अशा वेळी पहिली सात घरे, म्हणजे शेकडा ३७च्या आसपास, केवळ अंदाज येण्यासाठी पाहून सोडावीत. त्यानंतर त्या सातांहून सरस असे जे पहिले घर भेटेल ते घ्यावे. या रीतीने सर्वोत्तम घर हाती लागण्याची शक्यता अधिकात अधिक असते. मात्र ही अधिकात अधिक शक्यतादेखील शेकडा ३८च्या पलीकडे जात नाही. शिवाय सर्वोत्तम घर पहिल्या सातांतच असले, तर ग्राहक अखेरपर्यंत हिंडत राहतो आणि विसावे घर, ते कसेही असो, त्याच्या पदरी पडते.

गणितात चूक नाही. पण त्यामागे दोन गृहीतके आहेत : घर पाहण्यास काही खर्च येत नाही, आणि घर पाहिले की त्याची पारख होते. आपल्या पट्ट्यात ही दोन्ही टिकत नाहीत.

पहिले गृहीतक घेऊ. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१मध्ये दाखवून दिले की माहिती मिळविण्यालाही किंमत पडते. आणखी एक चौकशी केल्याने होणारा लाभ त्या चौकशीच्या खर्चाएवढा झाला की ग्राहक थांबतो. स्टिगलर हे मुक्त बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते. तथापि त्यांचाच सिद्धान्त चाकणच्या कंत्राटी कामगाराला लावून पाहावा. हिंजवडीचा अभियंता रजा घेऊन, स्वतःच्या मोटारीतून एका दिवसात पाच घरे पाहतो. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे रोजगार बुडाला. साप्ताहिक सुट्टी, मग ती रविवारची असो की गुरुवारची, त्यात जादा काम नसेल तरच मोकळी. म्हणून तो दोन-तीन घरे पाहून थांबतो, आणि ‘आजच बुकिंगची रक्कम भरा, उद्या भाव वाढेल’ या दलालाच्या वाक्यापुढे नमतो. ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच माहिती महाग पडते. ‘पुष्कळ घरे पाहा’ हा उपदेश सवड असलेल्यांनी सवड नसलेल्यांना केलेला उपदेश आहे.

दुसरे गृहीतक अधिक घातक आहे. घराचे खरे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या बंगल्यांच्या भिंतींवर पूररेषा कोठेही रंगवलेली नव्हती. ती नकाशात होती. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचे २,००० यार्डांचे संरक्षित क्षेत्र, ज्याला आपण ‘रेड झोन’ म्हणतो, तेही नकाशातच दिसते. तळवडे-रुपीनगरच्या गल्लीतून फिरताना दिसत नाही. अर्ध्या-एक गुंठ्याच्या तुकड्यावर केवळ मुद्रांकाच्या कागदावर झालेला व्यवहार पक्क्या स्लॅबखाली झाकला जातो. अशी शंभर घरे पाहिली तरी शहाणपण वाढत नाही.

२०१६च्या स्थावर संपदा कायद्याने पुष्कळ सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. १ मे २०१७पासून महाराष्ट्रात महारेरा काम करू लागले. प्रकल्पाची कागदपत्रे जनतेसमोर आली, आणि नोंदणीकृत करार केल्याखेरीज किमतीच्या शेकडा दहांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई झाली. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या बांधकामांना नोंदणीची सक्ती नाही. आणि कामगाराच्या आवाक्यातली घरे पुष्कळदा अशाच बांधकामांत असतात. संरक्षणाची गरज जेथे अधिक, तेथेच कायद्याची कक्षा संपते.

या पट्ट्याने वेगळी व्यवस्थाही पाहिली आहे. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा त्याच्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, ते उद्योगाजवळ परवडणारी घरे व्हावीत या हेतूने. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. साडेबारा टक्के परताव्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आणि २०२१मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. त्याच वर्षी पंतप्रधान आवास योजनेखाली चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी व रावेत येथील ३,६६४ घरांसाठी महापालिकेने सोडत काढली. अर्ज त्याच्या कित्येक पटींनी आले. तेथे अर्जदार घर निवडतच नाही. चिठ्ठी अर्जदाराला निवडते. किती घरे पाहावीत हा प्रश्न ज्याला पडतो, तो या अर्थाने भाग्यवानच म्हणावयाचा.

मग आज ज्याला घर घ्यावयाचेच आहे, त्याने काय करावे? हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात मांडलेला विचार येथे अधिक उपयोगी पडतो. माणसाने सर्वोत्तमाच्या मागे न लागता आधी किमान अटी ठरवाव्यात, आणि त्या पुऱ्या करणारे पहिले घर स्वीकारावे. हप्ता वेतनाच्या किती हिश्श्यापर्यंत असावा, पाळीच्या वेळी कामावर पोहोचण्यास किती वेळ चालेल, सातबारा, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी कशावर तडजोड नाही, हे घरात बसून लिहून काढावे. मग सहा-सात घरे पुरेत. त्यांतली दोन कागदांच्या कसोटीवर टिकली, तर तीच दोन पुन्हा पाहावीत : एकदा भर पावसात, एकदा पाळी सुटण्याच्या वेळी, जेव्हा चाकण-तळेगाव रस्ता तुंबलेला असतो. शेजारच्या रहिवाशांना टँकर किती लागतात ते विचारावे. नोव्हेंबर २०१९मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रश्न गौण राहिलेला नाही.

परंतु एकेकट्याला एवढे सांगून आपले काम संपत नाही. दहा कामगार वेगवेगळे हिंडून प्रत्येकी सात घरे पाहतात, म्हणजे सत्तर फेऱ्या होतात, आणि प्रत्येकाचा अनुभव त्याच्याबरोबरच विरून जातो. तोच अनुभव युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या पतसंस्थेत किंवा आपल्या शाखेत एका वहीत नोंदला गेला, तर अकराव्याचे श्रम वाचतात. पूररेषेचा आणि रेड झोनचा नकाशा भिंतीवर लावणे, महारेराची कागदपत्रे वाचून दाखवणे, महिन्यातून एक सायंकाळ एखाद्या वकील मित्राला बसवणे, यासाठी निधीपेक्षा चिकाटी अधिक लागते. वेतनासाठी जो एकत्र येतो, त्याने ते वेतन खर्चताना एकटे का पडावे?

त्याचबरोबर सार्वजनिक घरांची संख्या वाढविण्याची आणि लहान बांधकामांनाही नोंदणी सक्तीची करण्याची मागणी सातत्याने लावून धरली पाहिजे. शाखांनी पहिली वही या पावसाळ्यापूर्वीच सुरू करावी. पूररेषा कोठून जाते हे तोवर प्रत्येक वस्तीत ठाऊक झालेले असावे.