गव्हाचा एकविसावा दिवस

नाशिक जिल्ह्यातील गहू उत्पादकाच्या कार्यक्षमतेचा विषय निघाला, की त्याच्या हेक्टरी उताऱ्याची पंजाबच्या उताऱ्याशी तुलना करून त्याला बी, खत आणि मशागत यांविषयी उपदेश करण्याचा आपल्याकडे रिवाजच पडून गेला आहे. परंतु त्याच्या रानात पाणी कोणत्या तारखेस पोहोचले, याची चौकशी क्वचितच होते, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

पंजाबची दीर्घ थंडी आपल्या वाट्याला आलेली नाही. म्हणूनच बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, पुढे प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे कृषी विद्यापीठाचे सांगणे आहे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळे फुटतात आणि त्या वेळचा ओलावा चुकला तर फुटवे कमी राहतात. मागाहून कितीही पाणी दिले तरी ते नुकसान पुरते भरून निघत नाही.

निफाड तालुक्यात चारीच्या अगदी टोकाला असलेल्या एका रानात एका वृद्ध शेतकऱ्याने तीन आठवड्यांचे रोप खुरप्याने ढेकळासकट उचलून माझ्या हातावर ठेवले होते. दाण्याजवळची जुनी मुळे खाली उतरलेली होती. पण वर, भुईच्या जरा खाली, नव्या पांढऱ्या मुळांचे दोन-तीन कोंब कोरड्या मातीत जागच्या जागी थबकले होते. "पाट सुटंल तवर गहू कांडीवर यायचा, साहेब," एवढेच ते म्हणाले. त्यांचे बी उत्तम होते, पेरणी वेळेवर होती, तणाचे नाव नव्हते. हंगामाअखेर कागदावर मात्र ते 'अकार्यक्षम' ठरणार होते.

उपलब्ध साधनांतून उत्पादक किती पीक काढतो, याची इतर उत्तम उत्पादकांशी तुलना करून कार्यक्षमता मोजण्याची रीत फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली घालून दिली. ती रीत सयुक्तिक आहे. पण साधनांच्या रकान्यात पाण्याच्या पाळ्यांची केवळ संख्या भरली आणि तारखा गाळल्या, तर पाटबंधारे खात्याची दिरंगाई शेतकऱ्याच्या खाती जमा होते. हा मला उघड अन्याय वाटतो.

निफाडच्या संशोधन केंद्राने वेळेवरच्या बागायतीसाठी त्र्यंबक, तर एखाद्याच ओलितावर येणारा नेत्रावती, असे निरनिराळे वाण दिले आहेत. परंतु पाणी केव्हा आणि किती वेळा मिळेल हे पेरणीआधी ठाऊक नसेल, तर त्यांतून निवड करायची कशी? कालवा सल्लागार समितीने रब्बीच्या आवर्तनांच्या तारखा ऑक्टोबरातच मुक्रर करून गावोगावच्या चावडीवर लावाव्यात, आणि टोकाच्या चारीपर्यंत पाळाव्यात. म्हणजे कोणत्या रानात त्र्यंबक, कोणत्या रानात नेत्रावती आणि कोठे गव्हाऐवजी हरभरा, याचा निवाडा बियाण्याची गोणी फोडण्यापूर्वी करता येईल.