इमारत नको, चालू इंजिन दाखवा

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या गॅरेजांत एक मत ठाम आहे : ट्रकचं काम उस्तादाच्या हाताखालीच येतं, शाळेत नुसता कागद मिळतो. यातलं अर्धं खरं आहे. टॅपेट ढिले झालेत की बेअरिंग गेलंय, हे आवाजावरून ओळखणारा कान वर्गात घडत नाही. पण हे मत ज्या ट्रकवर बनलं, तो आता नवा मिळत नाही. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. आता डिझेल कॉमन रेलमधून दीड-दोन हजार बार दाबाने जातं, धुरावर युरियाचं द्रावण फवारलं जातं. युरिया संपला किंवा भेसळीचा निघाला, की गाडी आपणहून ताकद कमी करते. पिंपळगावची द्राक्षं भरलेली अशी गाडी कसारा घाटाच्या तोंडाशी अडली, तर नुसता कान काय करणार? स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. मग सेन्सर खराब आहे की वायर तुटली, हे मीटरने तपासावं लागतं. नाहीतर चांगला सेन्सर फेकून मालकाला भुर्दंड पडतो. चालू इंजिनाचा डिझेल पाइप ढिला करून सिलिंडर तपासायची जुनी सवय तर इथे घातकच. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. हे पोराला आधीच कुणीतरी शिकवायला हवं.

मग महागडी खासगी संस्था निवडावी, असं पालकांना वाटतं. चकचकीत वर्ग, रंगवलेलं कापीव इंजिन, शंभर टक्के नोकरीची हमी! पण कापीव इंजिन कधी बिघडत नाही, त्यावर दोष शोधायला येणार कसा? आणि नोकरी म्हणजे कुठल्या वर्कशॉपात, कोणत्या कामावर, हे लेखी मागा.

माझं मत स्पष्ट आहे. आधी नाशिकमधल्या सातपूरचं सरकारी आयटीआय पाहा. मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एक वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेईकल दोन वर्षांचा. तिथे ट्रकवर किती काम होतं ते विचारा. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत ट्रकच्या वर्कशॉपात शिका. उस्ताद तिथे भेटेलच, आणि तेव्हा त्याचं बोलणं पोराला दुप्पट कळेल. ज्या नाशकात बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात, तिथल्या पोराला इंजेक्टर फक्त फळ्यावर दिसावा, हे मला मान्य नाही.

पालकांनो, फी भरण्याआधी प्रात्यक्षिकाच्या वेळी मुद्दाम जा. चालू बीएस-6 इंजिन आहे का, एअर ब्रेक मुलं स्वतः खोलतात का, एका गाडीमागे किती जण उभे असतात, ते पाहा. वर्कशॉप दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथे प्रवेश घेऊ नका.