‘गावी गेली’

मराठी साहित्याने माहेरावर जितके प्रेम केले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर केले असेल. जात्यावरच्या ओव्यांपासून आजच्या कवितेपर्यंत माहेर म्हणजे विसावा, आणि पहिले बाळंतपण माहेरी हा तर अलिखित कायदाच. परंतु धारावीतून वा गोवंडीतून सातव्या-आठव्या महिन्यात गाडीत बसणारी स्त्री या काव्यात कुठे बसते, याचा विचार आपण केलेला नाही. कोणी मराठवाड्यात जाते, कोणी कोकणात, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमध्ये. तिने वस्ती सोडली की नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘गावी गेली’ एवढा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते.

यावर सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते : महापालिकेची प्रसूतिगृहे हाकेच्या अंतरावर असताना ही मंडळी गावाकडे का धावतात? अज्ञान, दुसरे काय! हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, सार्वजनिक नळाच्या पाण्यावर, आधीची दोन मुले सांभाळत बाळंतिणीने सव्वा महिना कसा काढावा? नवरा कामावर गेल्यावर तिला ऊन ऊन जेवण कोण वाढणार? २०१७ साली कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली ती नोकरदार स्त्रीला. चार घरची धुणीभांडी करणारीला रजा म्हणजे काम सुटणे. तेव्हा तिचे गावी जाणे ही परंपरेची गुलामी नव्हे. जी शुश्रूषा शहर देत नाही ती आईकडून मिळवण्याचा तो हिशेबी निर्णय आहे.

प्रश्न तिच्या जाण्याचा नाहीच. ती जाताना तिच्यामागे काय राहते, हा आहे. मागे राहतो केसपेपर. रक्तगट, हिमोग्लोबिन, तपासण्यांचे निष्कर्ष, मागच्या खेपेचे सिझेरियन, सारे शहरातल्या फायलीत. गर्भारपणात वाढणारा रक्तदाब बहुधा शेवटच्या तीन महिन्यांतच डोके वर काढतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ती कोणाच्याच यादीत नसते. शहरातली आशाताई म्हणते, ती आता माझ्या हद्दीत नाही. गावातली म्हणते, ती माझ्याकडे नोंदलेलीच नाही. दोघींचेही चुकत नाही, कारण दोघींचा मोबदला हद्दीशी बांधलेला आहे. कळा सुरू झाल्यावर अनोळखी दवाखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या स्त्रीला मग पहिला प्रश्न विचारला जातो : नाव कुठे घातले होते?

योजना नाहीत असे नव्हे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहन मोफत केले. २००९पासून गर्भवतींची संगणकावर नोंद होऊन प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. म्हणजे तिला शोधण्याचे साधन हाती आहे. पण क्रमांक आपल्या पायांनी चालत जात नाही. दुसऱ्या टोकाला तो उघडून पाहणे कोणाचे तरी काम असावे लागते.

‘एवढ्या जणींचा माग कसा ठेवणार?’ असे विचारले जाते. २०१९पासून याच देशात शिधापत्रिका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालू लागली. धान्याचा हक्क माणसाबरोबर प्रवास करू शकतो, तर रक्तदाबाची नोंद का नाही?

मागणी मोठी नाही. जाणाऱ्या प्रत्येकीच्या हाती माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्या प्रकृतीचा आणि धोक्यांचा स्वच्छ अक्षरातला गोषवारा असावा. शहरातील परिचारिकेने गावातील परिचारिकेला दूरध्वनी करावा आणि ते कर्तव्यात मोजले जावे. मोबदला दोन्हीकडच्या आशांना मिळावा. तीन-चार महिन्यांनी मायलेकरे परततील तेव्हा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींचा हिशेबही असाच उलट दिशेने यावा.

आणि ‘गावी गेली’ हा शेरा बंद व्हावा. त्या जागी कोणाच्या हाती सोपवली, ते लिहावे. तो रकाना रिकामा राहिला, तर चूक प्रवास करणाऱ्या स्त्रीची नव्हे, हे तरी निदान कागदावर येईल.