‘निसर्गचित्रण’ नावाचा वेगळा प्रश्न

फिलिप नॉईस यांचा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ (२००२) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट साहित्याच्या विद्यार्थ्यांना दाखवला, की चर्चेची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : निसर्ग काय सुरेख टिपला आहे! ते खोटे नाही. ख्रिस्तोफर डॉईल यांच्या कॅमेऱ्याने दाखवलेली तांबूस माती, वाळलेले गवत आणि क्षितिजापर्यंत पसरलेले उघडे रान यांवरून नजर हटत नाही. परंतु अभिप्राय तेथेच संपत असेल, तर चित्रपटाचा आस्वाद घेतला असे म्हणणे मला अवघड वाटते.

काळ १९३१ चा. मिश्र वंशाच्या आदिवासी मुलांना आयांपासून तोडण्याचे सरकारी धोरण अमलात आहे. जिगलाँगच्या मॉली, डेझी आणि ग्रेसी या मुलींना दूर दक्षिणेला, मूर रिव्हरच्या वसाहतीत नेले जाते. त्या तेथून पळतात. ग्रेसी वाटेत पकडली जाते. उरलेल्या दोघी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर पायी तोडून घरी पोचतात. ससे अडवण्यासाठी १९०७ मध्ये पूर्ण झालेले लांबच लांब कुंपण हीच त्यांची वाट. मॉलीची कन्या डोरिस पिल्किंग्टन यांच्या १९९६ च्या पुस्तकावर चित्रपट बेतलेला आहे.

मॉली पळून जायचे ठरवते तो प्रसंग पाहावा. आभाळ भरून आलेले आहे. आपल्याला ते देखणे वाटते. मॉलीच्या मनात मात्र हिशेब चालू आहे : पाऊस पडला, की पावलांचे ठसे पुसले जातील. त्याच मातीवर माग काढणारा मूडू (डेव्हिड गुलपिलिल) वाकून एकेक खूण वाचतो. तोही आदिवासीच, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याच वसाहतीत अडकलेली. पर्थच्या कचेरीत नेव्हिल हा अधिकारी हाच प्रदेश नकाशावर पाहतो. जमीन एकच, पण तिची वाचने किती वेगळी! ‘सुरेख’ हे आपले वाचन, आणि त्यासाठी आपल्याला काहीच मोजावे लागलेले नाही.

याचे मूळ आपल्या अध्यापनात आहे. कथानक, पात्रे, भाषाशैली आणि निसर्गचित्रण असे कप्पे आपणच पाडून दिले. (गुणही कप्प्यांप्रमाणेच वाटायचे असतात!) मग विद्यार्थी निसर्गाला माणसांतून उचकटून काढतो आणि ‘निसर्गरम्य’ हा शब्द लिहून मोकळा होतो. परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीकडच्या विद्यार्थ्याने असे लिहावे, याचे अधिक वाईट वाटते. जून महिन्यात आभाळाकडे पाहणे म्हणजे कापूस कधी लावायचा, बियाण्याचे पैसे मातीत जातील की उगवतील, हे ठरवणे असते, हे त्याला घरून ठाऊक असते. काळ्या रानाला वाफसा आला की नाही, हे तो बांधावरून सांगू शकतो. वर्गात शिरताना मात्र तो हे ज्ञान चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवतो. शिवाय ‘निसर्गरम्य’ हा शब्द तो स्वतःच्या शिवाराला कधीच लावत नाही. तो कोकणासाठी राखून ठेवलेला!

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या विदर्भातल्या शेतकऱ्याच्या चित्रपटाच्या नावातच पावसाला शिवी आहे. आस्वादाच्या परिभाषेत त्या शिवीला जागा कोणती?

असे पाहू लागलो तर सौंदर्याचा आनंदच हरवेल, असा आक्षेप काही सहकारी घेतात. मला तो पटत नाही. खारट, पांढऱ्या वाळवंटात मॉली कोसळते आणि वर गरुड घिरट्या घालतो. ते दृश्य नुसते पाहिले तरी भव्य आहेच. पण हा पक्षी आपला राखणदार म्हणून आईनेच तिला सुरुवातीला दाखवला होता, हे ज्याला आठवते त्याला ते आभाळ रिकामे दिसत नाही. पुढच्या वेळी चित्रपट दाखवाल तेव्हा निसर्गचित्रणावर टीप मागू नका. ढग पाहून मॉलीने तोच दिवस का निवडला, एवढेच विचारा.