पाटा वाढविण्यापूर्वी दोष शोधा

नाहूर हे एके काळी गाव होते. आज ते मुंबईच्या उपनगरांत सामावले आहे. पश्चिमेस डोंगर, पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरे, आणि जवळून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग. याच महामार्गाने नाशिककडील भाजीपाल्याच्या गाड्या मुंबईत उतरतात. अशा रस्त्यांवरील पाट्याच्या मिस्त्रीकडे घटकाभर उभे राहिल्यास एकच मागणी वारंवार कानी पडते : “मिस्त्री, गाडी बसली आहे, एक पाटा वाढवा.” या मागणीविषयी चार परखड शब्द लिहिणे अवश्य वाटते.

ग्रामीण जीवनाशी जीपचा संबंध जुना आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या कामासाठी जीप खेडोपाडी पोहोचली. पुढे आलेल्या एम. एम. ५४० सारख्या गाड्यांना चारही चाकांवर पाटे होते. २०१० साली निघालेल्या थार गाडीला मागील बाजूस पाटे होते. अशा जुन्या गाड्या शेतकरी हौसेने व गरजेने घेतात आणि ओढ्यातील दगड तळाला लागू नयेत म्हणून उंच करतात. कोणी जादा पाटा घालतो, कोणी लांब शॅकल बसवितो, तर कोणी पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा ठेवतो. गरज खरी आहे. परंतु उंच गाडी म्हणजे भक्कम गाडी, ही समजूत खरी नव्हे.

पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर ताठपणा सुमारे एक पंचमांशाने वाढतो. मात्र त्याने अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर वा चौकट यांचे बळ कणभरही वाढत नाही. उलट, उंच गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटाच्या वळणावर तिची उलटण्याची भीती वाढते. मागे मजूर स्त्रिया व मुले बसलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून प्रथम मोजमाप करावे. गाडी रिकामी करून सपाट जमिनीवर उभी करावी व चारही टायरांत योग्य हवा भरावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर वहीत लिहावे. डावी-उजवी बाजू यांत फरक दिसल्यास खालच्या बाजूचे पाटे एकेक करून तपासावेत. नंतर अ‍ॅक्सलपासून चौकटीवरील एकाच ठरावीक खुणेपर्यंत दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते असमान असेल, तर मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते आणि टायर खाते. तिला नवा पाटा घालणे म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी !

गाडीच्या तक्रारी नीट ऐकाव्यात. खड्ड्यात खटखट आवाज येत असेल तर शॅकलचे बुश झिजले असावेत. गाडी सुटताना मागून धक्का बसत असेल तर यू-बोल्ट ढिले असतील, किंवा उंच ठोकळ्यामुळे पाटा पिळला जात असेल. गाडी उंच केल्यानंतर वेग घेताच तळातून थरथर येऊ लागली, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉसवर ताण येत आहे, असे समजावे. स्टिअरिंग भरकटत असेल तर पुढच्या चाकांची ठेवण तपासावी. चाके पूर्ण खाली लोंबत असता ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे. यांपैकी एकही दोष जादा पाट्याने दूर होत नाही.

दुरुस्तीतही काही पथ्ये आहेत. चीर गेलेला वा तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा जोडाशेजारीच पुन्हा मोडतो. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे घालावेत आणि काही दिवस गाडी चालविल्यावर ते पुन्हा आवळावेत. रबरी बुशांना ग्रीस लावू नये. त्यांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेलेच राहून लवकर फाटते. पुढील अ‍ॅक्सलवर उंची वाढविण्यासाठी ठोकळा कदापि ठेवू नये. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. भक्कम घोडे लावावेत.

खाडीकाठी व कोकण किनारी आणखी एक शत्रू आहे : खारे वारे व खारे पाणी. पाट्यांमधील फटींत गंज साचतो, पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि गाडी कठीण लागते. खाऱ्या पाण्यातून वा चिखलातून आल्यावर गोड्या पाण्याने खालचा भाग धुवावा. ही सवय नव्या पाट्याहून कितीतरी स्वस्त पडते.

कोणी म्हणेल, “आमची वाट दगडांची, गाडी उंच केल्याशिवाय गत्यंतर नाही.” हे म्हणणे रास्त आहे. तथापि, उंची वाढविणे हे एका पाट्याचे काम नसून साऱ्या जोडणीचे आहे. पाट्यांबरोबर शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या, शाफ्टचा कोन व चाकांची ठेवण यांचाही विचार करावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीत फेरफार करण्यावर मर्यादा घातल्या आहेत. पैसे खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. पावसाळ्यापूर्वी अवजारांची देखभाल शिकविताना गावातील जीप व मालगाड्यांच्या पाट्यांचीही तपासणी घडवून आणावी. एक फीत, एक वही आणि अर्धा तास, एवढेच त्यास लागते. बैलगाडीचा आस करकरला की आपला जुना गाडीवान थांबून खाली वाकून पाहत असे. तोच विवेक मोटारीच्या बाबतीत राखला, तर पैसा वाचेल आणि माणसेही सुखरूप घरी पोहोचतील.