कारण सांगणारे पुढारीपण

आपल्या शिष्टवर्गात एक मत इतके रूढ होऊन बसले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरजही कोणास वाटत नाही. ते मत असे: चिंतामणराव देशमुख बुद्धिमान होते, निःस्पृह होते, विद्वान होते, पण ते राजकारणी नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले ही गोष्ट अंतःकरणास स्पर्श करणारी खरी. परंतु तिला मुत्सद्देगिरी म्हणता येत नाही. खरा राजकारणी तो, जो खुर्ची सोडत नाही, वेळेची वाट पाहतो आणि शेवटी कार्य साधून घेतो. या मताच्या पोटात दोन उपसिद्धान्त दडलेले असतात. पहिला हा की, सज्जनाने राजकारणाच्या वाटेस जाऊ नये; दुसरा हा की, जो त्या वाटेस गेला त्याच्यापाशी सज्जनपणाचा हिशेब मागू नये. पहिला सिद्धान्त मध्यमवर्गाच्या आळसास सोयीचा, दुसरा पुढाऱ्यांच्या स्वैरपणास. दोहोंचीही सोय होत असल्यामुळे हे मत दीर्घायुषी झाले आहे. ते केवळ चुकीचे नव्हे, घातक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हा वाद दिल्लीच्या दिवाणखान्यातला आहे, असे कोणी समजू नये. खोपोलीजवळ शिळफाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून पेणची वाट फुटते. त्या फाट्यावरचा मतदार आज विधानसभेसाठी कर्जत मतदारसंघात आणि २००९ पासून लोकसभेसाठी मावळ मतदारसंघात मत देतो. देशमुख हे याच जिल्ह्याचे. १८९६ साली महाड तालुक्यातील नाते गावी त्यांचा जन्म झाला. आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड हे नाव १९८१ साली आले. म्हणजे राजीनामा दिला तो आमच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीने दिला, आणि त्याचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार व पहिली जबाबदारीही आमचीच आहे.

तो राजीनामा म्हणजे काय होते, हे नीट पाहावे. आयसीएसच्या परीक्षेत १९१८ साली पहिला आलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला, १९५० पासून देशाचा अर्थमंत्री असलेला हा मनुष्य रागावून घरी बसला नाही. १९५६ च्या जुलै महिन्यात त्याने लोकसभेत उभे राहून आपली कारणे सांगितली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच जाहीर झाला, हे त्यांचे एक कारण; मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, हे दुसरे. नेहरूंनी पहिला आरोप मान्य केला नाही. कोणाचे खरे, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. देशमुखांनी भाषाभिमानाचा आक्रोश केला नाही. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला. जो निर्णय आपण घेतलाच नाही, त्याचे ओझे मंत्र्याने का वाहावे? याला जर राजकारण म्हणायचे नाही, तर राजकारण कशाला म्हणावे?

येथे प्रतिपक्ष विचारील: या राजीनाम्याने काय साधले? महाराष्ट्र मिळाला तो १ मे १९६० रोजी, आणि त्याचा मंगलकलश आणला तो खुर्चीवर राहिलेल्या यशवंतराव चव्हाणांनी. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. परंतु त्यात अर्धेच सत्य आहे. शंभरांहून अधिक माणसांचे बलिदान, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला दिलेला तडाखा, आणि मग चव्हाणांनी दिल्लीकरांची केलेली मनधरणी, या सर्वांतून ते राज्य आले. मंत्रिमंडळातील एका थोर माणसाने कारणे देऊन पद सोडावे, याचेही वजन त्या पारड्यात पडलेच होते.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चव्हाणांनी तरी काय केले? संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंची निवड करू, असा पक्ष त्यांनी १९५५ च्या अखेरीस उघडपणे मांडला. तो मराठी जनतेस रुचणार नाही, त्यापायी शिव्याशाप खावे लागतील, हे त्यांस ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! तरीही ते बोलले, आणि निकाल लागण्याच्या आधी बोलले. देशमुखांची वाट डावीकडे गेली, चव्हाणांची उजवीकडे. परंतु फाट्यावर उभे असताना दोघांनीही आपण कोठे जात आहो आणि का जात आहो, हे लोकांस तोंडावर सांगितले. म्हणून आमचे प्रतिपादन असे की, पुढाऱ्यांची खरी वर्गवारी राहणारे आणि जाणारे अशी नाही. कारण सांगणारे आणि कारण लपविणारे अशी आहे. या कसोटीवर देशमुख व चव्हाण हे एकाच पंक्तीस बसतात. त्यांस एकमेकांविरुद्ध उभे करून आपण दोघांचाही धडा वाया घालविला आहे.

कारणे सांगण्याची दुसरी संधी वृद्धपणी येते, ती आत्मचरित्रात. येथे मात्र या थोरांविषयीही तक्रार करणे भाग आहे. चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि ते १९४६ पाशी येऊन थांबते. पुढील खंड लिहिण्याचे त्यांच्या मनात होते; पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते निवर्तले. द्विभाषिकाची वर्षे, १९६० चा निर्णय, चिनी आक्रमणानंतरचे संरक्षणमंत्रिपद, ज्यांविषयी लोकांस खरे विचारावयाचे होते, ते सारे अलिखित राहिले. मृत्यूस दोष देता येत नाही. पण चाळीस वर्षांचा हिशेब आयुष्याच्या संध्याकाळी एकदम लिहू म्हणण्याच्या आमच्या पुढाऱ्यांच्या सवयीस दोष देता येतो. देशमुखांनी आपले आत्मवृत्त लिहिले, १९७४ साली ते प्रसिद्धही झाले. परंतु ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे पुस्तक इंग्रजीत आहे. ज्या लेखणीने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले, तिला कुलाब्याच्या मतदारास त्याच्याच भाषेत जबाब देणे अवघड नव्हते. आणखी एक गोष्ट. पद सोडल्यावर देशमुख विद्यापीठ अनुदान मंडळावर गेले. १९५७ च्या निवडणुकीत आपली कारणे घेऊन ते पुन्हा कुलाब्याच्या लोकांपुढे उभे राहिले नाहीत. विद्येची त्यांनी मोठी सेवा केली यात शंका नाही. पण राजीनाम्याचे जे भाषण लोकसभेत झाले, ते मतदारसंघातील गावोगावच्या चावडीवर झाले असते, तर ‘ते राजकारणी नव्हते’ हे वाक्य आज कोणाच्या तोंडी आले नसते.

परदेशाचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कॅनडातील मायकेल इग्नाटिएफ हे नामांकित ग्रंथकार व अध्यापक. अनेक वर्षे परदेशी राहून ते मायदेशी परतले, पार्लमेंटात गेले आणि लिबरल पक्षाचे नेते झाले. हा गृहस्थ केवळ पाहुणा आहे, असा प्रचार विरोधकांनी चालविला. आणि २०११ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ३४ जागांवर येऊन तिसऱ्या क्रमांकास गेला, त्यांची स्वतःची जागाही गेली. दोन वर्षांनी त्यांनी पुस्तक लिहिले ते या पराभवावर. लोकांनी आपले ऐकून घ्यावे हा हक्क विद्वत्तेने मिळत नाही, तो लोकांकडूनच मिळवावा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या हाराकिरीतून शिकून लिहून ठेवले. हरलेल्या माणसाने असा जबाब द्यावा, यात त्याचा कमीपणा झाला नाही. आमच्याकडे मात्र साठी, पंचाहत्तरी आली की गौरवग्रंथ निघतो. त्यात सत्कारमूर्तीच्या स्नेह्यांचे लेख असतात, छायाचित्रे असतात, आणि एकाही निर्णयाचे कारण नसते.

ही केवळ ग्रंथचर्चा असती तर आम्ही इतका कागद खर्ची घातला नसता. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारने सांगितले. ही माहिती झाली, कारण नव्हे. यादी कोणी केली, डोंगराच्या कुशीतली ठाकरांची वाडी तीत का आली नाही, आणि ती यावी म्हणून निवडून दिलेल्यांपैकी कोणी केव्हा विचारणा केली, हे प्रश्न उरतातच. जेथे पुढारी कारण सांगण्यास बांधलेला नसतो, तेथे अखेर यादी हीच जबाबदार ठरते. आणि यादीला कोणी निवडणुकीत पाडू शकत नाही.

हीच गोष्ट पक्षांतराची. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रातील दोन मोठे पक्ष दुभंगले. निवडणूक आयोग, विधानसभेचे अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय, सर्वत्र ढीगभर युक्तिवाद झाले. खरा पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचे, याचा कीस निघाला. पण ते युक्तिवाद न्यायासनापुढचे होते. मतदारास जे ऐकू आले ते मागाहून, आणि तेही बहुतांशी दुसऱ्या बाजूच्या पापांचे पाढे होते. वाट बदलण्याच्या आदल्या दिवशी मतदारसंघात सभा बोलावून ‘मी उद्या असे करणार आहे, कारण हे’, असे सांगण्याची रीत आम्ही गमावून बसलो आहो. चव्हाणांपाशी ते धैर्य होते, आणि देशमुखांपाशीही.

आता दोष आमच्या वर्गाचा. आम्ही देशमुखांची तसबीर केली आणि भिंतीवर टांगली. मुलांस त्यांच्या परीक्षांतील क्रमांक सांगितला, राजीनाम्यातील युक्तिवाद सांगितला नाही. ‘राजकारण घाणेरडे’ असे म्हणून आम्ही नगरपालिकेची पायरीही चढत नाही. याच मुलुखात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल होऊन गेले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकरी व आदिवासी सावकाराच्या कचाट्यात सापडू नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली. पुढे बेचाळीसच्या लढ्यात मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळी खाऊन पडले. वयाच्या तिसाव्या वर्षी गेलेल्या या माणसास आत्मचरित्र लिहिण्यास अवधी मिळाला नाही; पण त्याच्या कृतीचे कारण कर्जतच्या खेड्यांत कोणास विचारावे लागले नाही. ते त्या कोठीतल्या भातातच लोकांस दिसत होते.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे इतकेच की, पुढाऱ्याचे पुस्तक हाती घ्याल तेव्हा, आणि उमेदवार दारी येईल तेव्हाही, तीनच प्रश्न विचारा. कोणता निर्णय तुम्ही घेतला? तो घेताना कोणती दुसरी वाट मोकळी होती? आणि ती का सोडली? ज्याला ही उत्तरे देता येतात तो हरला तरी पुढारी आहे, जिंकला तर आहेच. ज्याला ती देता येत नाहीत, त्याच्या नावाचे फलक शिळफाट्यापासून पेणपर्यंत लागले तरी तो वाटसरूच होय. आणि वाटसरूच्या मागे निघालेल्या गावाने आपण कोठे पोहोचलो याची तक्रार करू नये.